परदेशप्रवासाचे ऑनलाइन सरकारी फॉर्म आणि न कळणारं शुल्क

चौकसबाई (धागाकर्ती)

थायलंडला उतरण्याआधी भरायचा डिजिटल आगमन फॉर्म फुकट आहे. १ मे २०२५ पासून तो सगळ्या परदेशी प्रवाशांना सक्तीचा झाला, आणि त्यासाठी थायलंडचं सरकार एक बाटही घेत नाही. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड फुकट. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्डही फुकट. तरी या तिन्हींचे पैसे भरल्याच्या पावत्या मी पाहिल्या आहेत, आणि भरणारी माणसं काही साधीभोळी नव्हती. त्यातले एक तर दुसऱ्यांचे हिशेब तपासून पोट भरतात.

नातेवाइकांच्या, ओळखीच्यांच्या परदेशवारीचे कागद बघायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं. त्यातून लक्षात आलं ते असं, की लोकांची तक्रार "फार पैसे घेतले" ही नसतेच. "कशाचे घेतले ते कळलं नाही" ही असते. एकाच विमानाने जाणारी दोन कुटुंबं, फॉर्म तोच, रकमा वेगळ्या, आणि दोघांचीही खात्री की आपण सरकारलाच पैसे दिले.

माझ्या हिशेबाने हे पैसे तीन वेगळ्या खिशांत जातात. पहिला खिसा सरकारचा, म्हणजे व्हिसा किंवा परवान्याचं ठरलेलं शुल्क. दुसरा सरकारने रीतसर नेमलेल्या कंपनीचा: अर्ज गोळा करणं, बोटांचे ठसे घेणं, अ‍ॅप चालवणं, कार्डाचा व्यवहार. तिसरा खिसा कुणीच न नेमलेल्या मधल्या साइटचा. ती तुम्हीच भरलेली माहिती उचलून सरकारी फॉर्मात चिकटवते आणि त्याचे मनाला येतील तेवढे घेते. पावतीवर मात्र एकच आकडा, "टोटल". कोणत्या खिशात किती गेले हे कळल्याशिवाय तक्रार कुणाकडे करायची तेच ठरत नाही, आणि मग माणूस "जाऊ दे" म्हणून सोडून देतो.

मधल्या साइटींबद्दल लिहाच. पण मला सरकारांचाही हिशेब मांडायचा आहे. अमेरिकेचा एस्टा बघा, म्हणजे प्रवासाआधी ऑनलाइन घ्यायचा परवाना. (व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी असतो तो. भारतीय पासपोर्टवाल्यांचा त्याच्याशी संबंध नाही, पण इथले बरेच सभासद आता वेगवेगळ्या पासपोर्टांवर फिरतात.) आधी फुकट होता. सप्टेंबर २०१० पासून १४ डॉलर, मे २०२२ पासून २१, आणि ३० सप्टेंबर २०२५ पासून ४०. त्या २१ डॉलरमधले प्रक्रियेचे फक्त ४ होते. उरलेले १७ अमेरिकेतल्या पर्यटनाच्या प्रसिद्धीसाठी. म्हणजे "या, या" म्हणून बोलावण्याचा खर्चही पाहुण्याकडूनच. हे कुणी लपवलं नव्हतं, पण कार्डाचा नंबर टाकताना किती जणांना माहीत असेल?

तुमच्याकडे असे नमुने असतील तर लिहा. कंपन्यांची नावं शक्यतो नकोत, संपादकांच्या डोक्याला ताप होतो. रक्कम, कशासाठी मागितली आणि पुढे काय झालं, एवढं पुरे.

बाकावरचा

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: सरकारी साइट असताना लोक दुसरीकडे जातातच कसे?

चौकसबाई

@बाकावरचा, प्रश्न चांगला आहे. शोधल्यावर सगळ्यात वर जे येतं ते लोक उघडतात, आणि सगळ्यात वर जाहिरात असते. सरकारकडून थेट मिळणाऱ्या कागदपत्रांची जाहिरात फक्त सरकारने किंवा सरकारने नेमलेल्यांनीच करावी, असं गूगलचं धोरण आहे. पण अशा साइटी नाव बदलून परत उगवतात.

शिवाय सरकारी पत्त्यांचं शेपूट प्रत्येक देशात वेगळं. ब्रिटनचं गव्ह डॉट यूके, थायलंडचं गो डॉट टीएच, न्यूझीलंडचं गव्हट डॉट एनझेड (मध्ये एक टी जास्त), युरोपीय संघाचं युरोपा डॉट ईयू, आणि कॅनडाच्या पत्त्यात तर गव्ह नाहीच, नुसतं कॅनडा डॉट सीए. आता साध्या माणसाने काय काय पाठ करायचं? नकली साइटवाले पत्त्याच्या मध्ये कुठेतरी देशाचं नाव, "व्हिसा", "ईटीए" (हाही प्रवासाआधीचा ऑनलाइन परवानाच), कधी "गव्ह" सुद्धा घुसवतात, आणि शेवटी असतं साधं डॉट कॉम किंवा डॉट ओआरजी. पत्ता शेवटाकडून वाचा, एवढंच मी घरी सांगते.

थेम्सकाठी

ब्रिटनमध्ये यांना "कॉपीकॅट" साइट म्हणतात आणि हा धंदा इथे फार वर्षांचा आहे. पासपोर्ट, जन्मदाखला, ड्रायव्हिंग लायसन्स, लंडनचा कंजेशन चार्ज, काही म्हणून सोडलं नव्हतं. २०१८ मध्ये अशा साइटी चालवणाऱ्या सहा जणांना शिक्षा झाली. ३ कोटी ७० लाख पौंडांचं प्रकरण होतं ते. तरी धंदा चालूच आहे, कारण आताच्या बऱ्याच साइटी कायद्याच्या कडेकडेने जातात. तळाला राखाडी बारीक अक्षरात "आमचा सरकारशी संबंध नाही" असं लिहिलं की त्यांचं काम झालं.

ब्रिटनच्या ईटीएचं शुल्क आधी १० पौंड होतं, ९ एप्रिल २०२५ पासून १६ झालं. माझ्या एका सहकाऱ्याच्या अमेरिकन सासऱ्यांनी त्यासाठी एका साइटवर ८० च्या आसपास भरले. ईटीए आला, आणि खरा आला. सगळी गोम इथेच आहे. माल खरा मिळाला, म्हणून बँक याला फसवणूक म्हणायला तयार होईना.

मग त्यांनी ग्राहक हक्क काढला. ब्रिटन आणि युरोपात ऑनलाइन घेतलेली सेवा १४ दिवसांत रद्द करता येते. पण सेवा तुमच्या संमतीने लगेच सुरू होऊन पुरी झाली असेल तर तो हक्क जातो. आणि संमती? फॉर्मच्या शेवटी एक चौकोन असतो, "माझ्या अर्जावर ताबडतोब काम सुरू करा". घाईतला माणूस त्यावर आनंदाने टिक करतो. तोच चौकोन पुढे आडवा येतो.

क्रेडिट कार्ड कंपनीलाही जबाबदार धरणारं एक कलम इथे आहे (कलम ७५), पण ते १०० पौंडांच्या वरच्या खरेदीला लागू होतं. या साइटींचे दर १०० च्या खाली का असतात, याचा ज्याने त्याने विचार करावा. पुरावा माझ्याकडे नाही.

तिकीटवाला काका

माझा धंदाच हा, त्यामुळे चार दगड खायची तयारी ठेवून लिहितो.

फॉर्म फुकट असला तरी तो भरणं फुकट नसतं. सत्तरीच्या पुढचे पॅसेंजर, मोबाईलवर ओटीपी येत नाही, फोटोची साइज बसत नाही, पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि तिकिटावर दुसऱ्या क्रमाने. यात आमची माणसं तास-तास घालवतात. मी सर्व्हिस चार्ज घेतो आणि अजिबात लाजत नाही. आपल्याकडे दुसऱ्याच्या वेळेला किंमत नाही हा खरा प्रॉब्लेम आहे. उद्या विमानतळावर अडवलं की फोन मलाच येणार, त्या सरकारी साइटला नाही.

चौकसबाई

काका, तुमच्यावर दगड नाहीत. तुम्ही बिलावर व्हिसा फी वेगळी आणि सर्व्हिस चार्ज वेगळा लिहिता ना? मग माझं भांडण मिटलं. गिऱ्हाईकाला माहीत आहे की तुम्ही एजंट आहात, दुकानाची पाटीच तशी आहे. मी म्हणते त्या साइटवर झेंडा, राजमुद्रेसारखं काहीतरी, निळी पट्टी आणि वर "ऑफिशियल अ‍ॅप्लिकेशन". तुम्ही एजंटची पाटी लावून पैसे घेता, ते सरकारची पाटी लावून घेतात.

तिकीटवाला काका

बिलावर वेगळं लिहितो, जीएसटीसकट. सगळेच लिहितात असं म्हणणार नाही. "ऑल इन्क्लुझिव्ह" पॅकेजमध्ये तर फोड कुणी मागतच नाही.

रमतगमत

हे पटलं नाही काका. गिऱ्हाईक मागत नाही म्हणून द्यायचं नाही, हे तर मधल्या साइटवालाही म्हणेल. त्याच्या अटी-शर्तींत कुठेतरी फोड दिलेली असतेच की.

तिकीटवाला काका

बरोबर आहे. मागितलं नाही तरी द्यावं. पण लोकांना स्वस्त आकडा बघायला आवडतो हेही लिहून ठेवा.

दक्षिणायन

धागाकर्तीने सरकारांचाही हिशेब काढलाय म्हणून न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाची भर घालतो. इथल्या दोन्ही पद्धती मला मजेशीर वाटतात.

ऑस्ट्रेलियाच्या ईटीएचं व्हिसा शुल्क शून्य. अधिकृतपणे शून्य. पण अर्ज अ‍ॅपमधूनच करायचा आणि अ‍ॅप वापरण्याचे २० ऑस्ट्रेलियन डॉलर. तुमच्या भाषेत, पहिला खिसा रिकामा आणि दुसरा भरलेला. त्याच वेळी युरोपीय पासपोर्टवाल्यांसाठी वेगळा ईव्हिजिटर आहे, तो पूर्ण फुकट. म्हणजे एकाच कुटुंबात बायको जर्मन आणि नवरा सिंगापूरचा असेल तर एकाला २० आणि दुसऱ्याला काही नाही, आणि दोघांनाही ते बरोबरच वाटलं पाहिजे. अशा घरातलं माणूस "मला जास्त लावले" म्हणून तक्रार करतं तेव्हा चूक कुणाचीच नसते, फक्त कुणी नीट सांगितलेलं नसतं.

न्यूझीलंडचा ईटीए अ‍ॅपवरून १७ न्यूझीलंड डॉलर, वेबसाइटवरून २३. इथवर ठीक. पण त्याच वेळी पर्यटक लेव्ही भरावी लागते, ती १ ऑक्टोबर २०२४ पासून १०० डॉलर आहे. त्याआधी ३५ होती. मित्र मला विचारतात ईटीएला किती, मी सवयीने १७ सांगायचो, आणि त्यांच्या कार्डावरून ११७ जायचे. सरकारच्या पानावर दोन्ही आकडे स्वच्छ लिहिलेले आहेत, इमिग्रेशनला दोष देता येत नाही. पण विमान कंपन्यांच्या मेलमध्ये, ब्लॉगवर, व्हिडिओत सगळीकडे फिरतो तो १७ चाच आकडा. छोटा आकडा लांब जातो.

नकली साइटला हे फार सोयीचं पडतं. ती १७० मागते आणि म्हणते यात सरकारी लेव्ही धरलेली आहे. अर्धसत्य असल्यामुळे खोडता येत नाही.

झोपाळू

म्हणजे आता व्हिसा फुकट, अ‍ॅप विकत. उद्या देशात प्रवेश फुकट, दार उघडायचे पैसे वेगळे.

रमतगमत

@झोपाळू, उगाच कल्पना देऊ नका त्यांना.

पिंपळपान

शेंगेन व्हिसावर कुणी लिहिलं नाही अजून? आपल्यातल्या सगळ्यात जास्त लोकांचा संबंध तिथेच येतो.

शुल्क ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखाली माफ. हा पहिला खिसा. त्यावर अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीचं सेवा शुल्क. युरोपच्या व्हिसा संहितेत याला मर्यादा आहे: सर्वसाधारणपणे व्हिसा शुल्काच्या निम्म्याहून जास्त नको. पण त्यातच एक खोच आहे. व्हिसा शुल्क माफ असलं तरी सेवा शुल्क माफ होत नाही. माझ्या चार वर्षांच्या भाचीचा व्हिसा फुकट होता आणि तिची पावती फुकट नव्हती. बहीण काउंटरवर भांडली. नियमाने काउंटरवालाच बरोबर होता, पण हे वेबसाइटवर ज्या पीडीएफमध्ये आहे ती उघडून कुणी वाचत नाही.

आणि मग खरी जत्रा सुरू होते. एसएमएस अलर्ट, कुरिअर, फोटो, झेरॉक्स, फॉर्म भरून देणं, प्रीमियम लाउंज. सगळं ऐच्छिक. पण अपॉइंटमेंटच्या पानावर साध्या वेळा "उपलब्ध नाहीत" आणि लाउंजच्या भरपूर उपलब्ध, मग ऐच्छिक म्हणजे काय? वडिलांना काउंटरवर विचारलं गेलं, "कुरिअर लावू ना?" त्यांनी मान डोलावली. पावती घरी येऊन बघितली तेव्हा एसएमएसपण लागला होता.

कोडकरी

मी एका सरकारी पोर्टलच्या कामावर होतो. देश सांगत नाही, खातं सांगत नाही. शुल्क शेवटच्या पानावर का कळतं हे आतून पाहिलंय म्हणून लिहितो. बराचसा भाग लबाडीचा नसतो, अनागोंदीचा असतो.

शुल्क अर्जदाराच्या वयावर, राष्ट्रीयत्वावर, मुदतीवर आणि सेवेच्या प्रकारावर ठरतं. ही माहिती फॉर्मच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर विचारली जाते. म्हणून सुरुवातीला "शुल्क किती" याचं प्रामाणिक उत्तर सिस्टिमकडे नसतंच. यावर उपाय सोपा आहे: पहिल्याच पानावर तीन प्रश्न विचारा आणि आकडा दाखवा. आम्ही तसं डिझाइन दिलं होतं. पण फॉर्मचा क्रम कुठल्याशा अधिसूचनेला जोडलेला नमुना असतो, त्याला हात लावायचा तर फाइल वरपर्यंत जाते.

दुसरं, फी मास्टर. शुल्काचं टेबल एका टीमकडे, पेमेंट गेटवेचा करार दुसरीकडे, कार्डाचा कन्व्हिनियन्स चार्ज बँक ठरवणार. वेबसाइटवरचं "शुल्क" नावाचं पान तिसऱ्याच माणसाकडे, आणि तो ते पीडीएफ म्हणून चढवतो. शुल्क बदललं की टेबल रातोरात बदलतं, कारण नाही बदललं तर जमा-खर्च जुळत नाही. पीडीएफ बदलली नाही तर कुणाचंच अडत नाही. त्यामुळे जुनी पीडीएफ वर्षभर तशीच राहते. एकूण रकमेची जबाबदारी असलेला एकही माणूस त्या इमारतीत नव्हता. हे मी रागाने नाही, अक्षरशः सांगतोय.

तिसरं, गेटवे. आमच्या पानावरून अर्जदार बँकेच्या पानावर जातो आणि तिथे आकडा वाढतो. तक्रार आमच्याकडे यायची, आम्ही लिहायचो "कृपया आपल्या बँकेशी संपर्क साधा". बँक लिहायची "कृपया विभागाशी संपर्क साधा". मला आजही ते दोन्ही मजकूर पाठ आहेत.

थेम्सकाठी

@कोडकरी, फार उपयोगी प्रतिसाद. कार्डाच्या चार्जबद्दल भर: ब्रिटनमध्ये १३ जानेवारी २०१८ पासून ग्राहकांच्या कार्डावर अधिभार लावायला बंदी आहे, सरकारी खात्यांनाही. मग करखात्याने काय केलं? त्याच दिवसापासून वैयक्तिक क्रेडिट कार्ड घेणंच बंद केलं. लपलेलं शुल्क गेलं, सोयही गेली. मला हे त्यातल्या त्यात बरं वाटतं, निदान फसगत नाही.

दक्षिणायन

आणि परदेशी साइटवर "तुमच्या चलनात पैसे भरता का?" असं आपुलकीने विचारलं तर नाही म्हणा. त्या देशाच्याच चलनात भरा. चलनबदलाचा दर तिथे तो विक्रेता आणि त्याची बँक लावते, आणि तो बहुतेक वेळा तुमच्या कार्डाच्या दरापेक्षा वाईट असतो. हा चौथा खिसा धरा, चौकसबाई.

चौकसबाई

धरला. वर पिंपळपानने लिहिलेल्या लाउंजसाठी पाचवा शिवून घेते.

घाईत आहे

नमस्कार, सभासद नवीन आहे, धागा शोधूनच इथे आलो. आम्ही पाच जण परवा बँकॉकला निघतोय. कुटुंबाचा आगमन फॉर्म एका साइटवर भरला, प्रत्येकी साधारण चार हजार गेले. आता तुमचा धागा वाचून पोटात गोळा आला. पैसे परत मिळतील का? आणि फॉर्म तरी खरा असेल का? पासपोर्टचे फोटो दिलेत त्यांना. कृपया लवकर सांगा.

थेम्सकाठी

आधी प्रवास, मग पैसे. थायलंडच्या इमिग्रेशनच्या मूळ साइटवर जा, तुमचा अर्ज तिथे दिसतो का बघा. दिसत नसेल, किंवा पासपोर्ट क्रमांकात एखादा आकडा जरी चुकलेला असेल, तर सरळ नवीन भरा. फुकट आहे, पाच जणांचा एकत्र भरता येतो. आगमनाच्या तीन दिवस आधीपासून भरायची सोय आहे, म्हणजे तुम्ही वेळेत आहात.

वकिली चष्मा

@घाईत आहे, आजच करायचं काम: त्या साइटचं पैसे भरायचं पान, तळाची बारीक अक्षरं, मेलवर आलेली पावती, सगळ्याचे स्क्रीनशॉट. नंतर ते पान बदलतं. मग त्यांना मेल करा, फोन नको. मेलमध्ये दोनच मुद्दे: सरकारी सेवा विनाशुल्क असल्याचं पैसे घेण्याआधी ठळकपणे सांगितलं नाही, आणि तुमचं सेवा शुल्क वेगळं दाखवलं नाही. लगोलग कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत फिरवण्याची, मागणी नोंदवा. तिथे "फसवणूक" हा शब्द घालून अडकू नका, "सेवेचं वर्णन दिशाभूल करणारं होतं" असं लिहा. खरा फॉर्म मिळाला तरी हा मुद्दा उभा राहतो.

आता थोडं कायद्याचं, कारण धागाकर्तीचा मूळ प्रश्न तक्रार कुठे करायची हा होता. सरकारने कायद्याने ठरवलेलं शुल्क घेतलं, की तुम्ही ग्राहक न्यायालयात "ग्राहक" ठरालच असं नाही. दस्तनोंदणीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं, की नोंदणी अधिकारी वैधानिक काम करतो, ती पैसे घेऊन दिलेली सेवा नव्हे. त्यामुळे पहिल्या खिशाबद्दलची तक्रार त्या खात्याकडे, त्याच्या तक्रार निवारण यंत्रणेकडे. मधली साइट मात्र शुद्ध व्यापारी आहे. तिला ग्राहक कायदा पूर्ण लागू.

भारतात ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविरोधी (ग्राहकाला चकवणाऱ्या साइट-रचनांविरोधी) मार्गदर्शक तत्त्वांमध्ये तेरा प्रकार दिले आहेत. शेवटी शेवटी किंमत वाढवत नेणं, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, खोटी घाई निर्माण करणं हे त्यातलेच. "तुमच्या अर्जासाठी ९ मिनिटं शिल्लक" असं घड्याळ होतं का त्या साइटवर? भारतात सेवा देणाऱ्या सगळ्या प्लॅटफॉर्मना ती लागू आहेत, कंपनी बाहेरची असली तरी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. परदेशातली कंपनी किती दाद देईल हा भाग वेगळा, पण बँकेशी भांडताना तक्रारीचा क्रमांक हाताशी असलेला बरा.

घाईत आहे

घड्याळ होतं. तेच बघून मी घाई केली.

रमतगमत

युरोपात वाटेत असलेल्या एटियासचं (ईटीएसारखाच प्रवासाआधीचा परवाना) तर आणखी भारी. युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये त्याचं शुल्क ७ वरून २० युरो ठरवलं तेव्हा ती योजना सुरूही झाली नव्हती, आणि तोवर अर्ज घेणाऱ्या साइटी मात्र तयार होत्या. नसलेल्या फॉर्मचं शुल्क!

तिकीटवाला काका

माझ्याकडेही फोन आले होते, "एटियास काढून द्या". मी हात जोडले. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, अशा साइटींमुळे आमचं नाव खराब होतं. गिऱ्हाईक पहिल्या भेटीतच विचारतं, यातले तुमचे किती? आधी राग यायचा. आता मीच बिलाच्या वर तीन ओळी छापून घेतल्यात.

घाईत आहे

बँकॉकहून परत आलो. मूळ साइटवर अर्ज दिसलाच नाही, त्यामुळे थेम्सकाठी यांनी सांगितल्याप्रमाणे नवीन भरले, विमानतळावर काही अडचण आली नाही. कंपनीने "प्रोसेसिंग" कापून निम्मे परत देऊ केलेत. अर्जच केला नाही तर प्रोसेसिंग कशाचं, असं विचारलंय. उत्तर नाही. बँकेकडे चार्जबॅकची नोंद झाली आहे, त्यांनी कागद मागितले, स्क्रीनशॉट पाठवले. काय होतं ते कळवतो.

वकिली चष्मा

निम्मे घेऊ नका. घेतले तर "तडजोड मान्य" असं त्यांच्या अटींत बहुधा लिहिलेलं असेल, आणि तेच ते बँकेला दाखवतील.

सुपारी

उशिरा आले धाग्यावर. माझी आई ७१ वर्षांची आहे, भारतीय पासपोर्ट. पॅरिसला भावाकडे जायचंय. एका साइटवर तिचा एटियास फॉर्म भरत होते, ७९ युरो मागतेय. ज्येष्ठांना सवलत असते म्हणे, ती कुठे टाकायची?

रमतगमत

एटियासला १८ च्या आतल्या आणि ७० च्या वरच्यांना शुल्कच नाही. पण थांबा, भारतीय पासपोर्टला एटियास लागतच नाही. तो व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या लोकांसाठी आहे. आईंना नेहमीचा शेंगेन व्हिसा लागेल. साइटने राष्ट्रीयत्व विचारलं नाही?

सुपारी

विचारतेय की. पैसे भरल्यानंतरच्या पानावर, असं वर पट्टीत दिसतंय.

तिकीटवाला काका

ताई, ते पान बंद करा. फ्रान्सची अपॉइंटमेंट आधी बघा, तिकीट नंतर काढा. साध्या वेळा सकाळी लवकर उघडलेल्या दिसल्या तर दिसतात. आणि काउंटरवर कुरिअर, एसएमएस विचारतील तेव्हा आईंना सांगून ठेवा, मान डोलवायची नाही.